चष्म्याची जाडी खरंच जाणार का? मेटासरफेसबद्दल जरा सविस्तर

सध्या आमच्या चष्म्याच्या दुकानात एक प्रश्न फार येतोय. लोक मोबाईल पुढे करतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ लावतात, त्यात एक चपटी चकती असते, अगदी सपाट, बारीक बारीक खांबांच्या पृष्ठभागाची, त्या पृष्ठभागालाच मेटासरफेस म्हणतात, आणि खाली लिहिलेलं असतं की आता लेन्सला जाडीच राहणार नाही. मग विचारतात, ताई, हे आपल्या इंदूरला कधी येणार, नवीन चष्मा आत्ता करू की थांबू? विचारणारे बहुतेक मायनस सहाच्या वरचे असतात. ज्याने शाळेत वर्षानुवर्षं "ढापण्या" ऐकून घेतलंय त्याला असं काही बघून आशा वाटणारच, आणि ती आशा मी उडवून लावत नाही. थांबू नका, एवढं मी काउंटरवर सांगते. का थांबू नका, ते गिऱ्हाईक उभं असताना सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितेय. दुसरंही कारण आहे, हा विषय मला फार आवडलाय, आणि त्याच्या मुळाशी आपल्याकडचा एक माणूस आहे ज्याचं नाव आमच्या धंद्यातल्या लोकांनासुद्धा माहीत नसतं. त्यांच्याकडे नंतर येते.

आधी जाडी काय काम करते ते बघू. उजेड काचेत शिरला की हळू होतो. किती पटीने हळू होतो तो आकडा म्हणजे काचेचा इंडेक्स. १.५ इंडेक्सच्या काचेत त्याचा वेग हवेतल्या वेगाच्या दोन तृतीयांश. म्हणजे काच जिथे जाड तिथे उजेडाला जास्त उशीर, जिथे पातळ तिथे कमी. मायनसच्या लेन्समध्ये मध्यभाग पातळ आणि कडा जाड, म्हणून कडेचा उजेड मागे राहतो, मधला पुढे निघून जातो, आणि सरळ आलेला उजेड बाहेरच्या बाजूला पसरत जातो. बस, लेन्स एवढंच करते. कुठे किती उशीर करायचा याचा हिशोब म्हणजे तुमचा नंबर.

मायनस नऊ घ्या. मध्यापासून २० मिलीमीटरवर कडेला उजेडाला साधारण १.८ मिलीमीटरचा उशीर हवा, म्हणजे हवेत तेवढं अंतर जास्त चालल्यासारखा. १.५ ची काच एका मिलीमीटरमागे अर्ध्या मिलीमीटरचा उशीर देते, म्हणून कडेला ३.६ मिलीमीटर जास्तीची जाडी येते. १.७४ घेतली तर तीच २.४ वर येते. मध्यावरची एक-दीड मिलीमीटर वेगळीच. हाय इंडेक्सचे पैसे जास्त का आणि त्या पैशात मिळतं काय, ते सगळं या दोन आकड्यांत आहे. फ्रेम मोठी घेतली, २० च्या जागी २५ मिलीमीटर, की १.५ मध्ये ३.६ चे ५.६ होतात, कारण हा हिशोब अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून मी जास्त नंबरवाल्यांच्या मागे लागते की छोटी गोल फ्रेम घ्या, आणि पोरं तर सध्या मोठ्या चौकोनीच मागतात, मग आई बिचारी माझ्याकडे बघते आणि मी आईकडे.

आता मेटासरफेसवाले काय म्हणतात ते ऐका. उजेड ही लाट आहे. हिरव्या लेझरची लाट घ्या, ५३२ नॅनोमीटरमध्ये तिची एक फेरी पूर्ण होते आणि परत तीच सुरू. या लाटेला घड्याळाचा काटा समजा. काटा एक फेरी फिरून आला काय आणि हजार फेऱ्या फिरून आला काय, आत्ता तो तीनवर आहे की सहावर एवढंच आपल्याला दिसतं. आपल्या मायनस नऊच्या कडेला जो १.८ मिलीमीटरचा उशीर आहे तो या हिशोबाने साधारण ३,४०० फेऱ्यांचा झाला. मग त्या सगळ्या पूर्ण फेऱ्या द्यायच्या कशाला? टाकून द्या. उरलेला काट्याचा कोन तेवढा द्या. असं केलं की लेन्सवर कुठेच एका फेरीपेक्षा जास्त उशीर लागत नाही, आणि एका फेरीसाठी एक मायक्रोमीटर जाडीसुद्धा पुरून उरते.

जाडी कापून टाकायची कल्पना नवीन नाही. फ्रेनेलने फ्रान्समधल्या कॉर्दुआँच्या दीपगृहावर १८२३ मध्ये कड्याकड्यांची लेन्स बसवली होती, तीही जाडी वाचवायलाच. पण त्याच्या कड्या हाताने धरता येतील एवढ्या, लाटेच्या फेरीचा हिशोब त्यात नव्हता. इथे सगळा खेळच फेरीच्या आतला आहे.

तर करतात काय, काचेच्या पट्टीवर टायटॅनियम डायऑक्साइडचे खांब उभे करतात. हा तोच पांढरा पदार्थ जो भिंतीच्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये घालतात, फक्त इथे तो अगदी शुद्ध आणि पारदर्शक थर म्हणून चढवलेला असतो. खांबांची उंची ६०० नॅनोमीटरच्या आसपास, सगळे एकाच उंचीचे, जाडी मात्र जागेप्रमाणे कमी-जास्त. जाड खांब असेल तर उजेड जास्त करून त्याच्या आतून जातो आणि रेंगाळतो, बारीक खांब असेल तर बराचसा आजूबाजूच्या हवेतून निघून जातो. आणि दोन खांबांमधलं अंतर उजेडाच्या लाटेपेक्षा कमी ठेवलेलं असल्यामुळे उजेडाला सुटे सुटे खांब कळतच नाहीत, त्या जागेचा काय तो एक इंडेक्स कळतो. म्हणजे इथे आपण काच कमी-जास्त जाड करत नाही, जागोजागी काचेचा इंडेक्सच ठरवून देतो! मला हे वाचून किती बरं वाटलं ते कसं सांगू, आम्ही आयुष्यभर कॅटलॉगमधून १.५६ की १.६७ निवडतो, आणि हे लोक एकाच चकतीवर प्रत्येक अर्ध्या मायक्रोमीटरला वेगळा इंडेक्स ठेवतायत.

साधी काच का नाही वापरत, हा प्रश्न मला लगेच पडला होता, तर त्याचंही उत्तर सोपं निघालं. टायटॅनियम डायऑक्साइडचा इंडेक्स २.४ च्या जवळ. हवेपेक्षा १.४ जास्त. ६०० नॅनोमीटरचा खांब जास्तीत जास्त ८४० नॅनोमीटरचा उशीर देऊ शकतो, म्हणजे हिरव्याची एक फेरी सहज बसते. क्वार्ट्झ काचेचा इंडेक्स १.४६, तेवढाच खांब २७६ नॅनोमीटरच देतो, जेमतेम अर्धी फेरी. काचेचेच करायचे तर खांब खूप उंच करावे लागतात, आणि तसेही आता करतात.

या सगळ्याला जोर आला तो २०११ पासून. हार्वर्डच्या फेडेरिको कपासो यांच्या गटाने सिलिकॉनवर सोन्याचे इवलेसे इंग्रजी व्ही आकाराचे तुकडे मांडले आणि दाखवलं की सपाट पृष्ठभागावरूनसुद्धा उजेड हव्या त्या कोनात वळवता येतो, शाळेत शिकलेला स्नेलचा नियम त्यासाठी त्यांनी एक पद वाढवून परत लिहिला. तो उजेड डोळ्याला दिसणारा नव्हता, ८ मायक्रोमीटरचा इन्फ्रारेड होता, आणि सोनं उजेड खातं, त्यामुळे बराच वाया जायचा. दिसणाऱ्या उजेडातली चांगली लेन्स त्याच गटाने २०१६ मध्ये केली, टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटरचे खांब वापरून. ४०५, ५३२ आणि ६६० नॅनोमीटर अशा तीन रंगांसाठी तीन वेगवेगळ्या लेन्स. तीन रंग, तीन लेन्स, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ते ज्यांच्याबद्दल लिहायचं म्हणत होते ते.

२०१६ च्या त्या लेन्समध्ये खांब जाड-बारीक नव्हते. सगळे एकाच मापाचे होते, आडव्या छेदात लांबट आयताकृती, आणि प्रत्येक जागी फक्त वेगवेगळ्या कोनात वळवलेले. अशा खांबावर सर्क्युलर पोलराइज्ड उजेड टाकला, म्हणजे ज्याचं कंपन पुढे जाता जाता गोल फिरतं तसा, की बाहेर येणाऱ्या लाटेचा काटा खांबाच्या वळणाच्या दुप्पट कोनाने सरकतो. खांब ९० अंश वळवा, काटा १८० अंश. खांब १८० वळवा, काट्याची पूर्ण फेरी. उंची तीच, माल तोच, जाडी तीच, आत लागणारा वेळसुद्धा तोच, तरी लाट पुढे-मागे होते, फक्त वळवल्यामुळे. जाडी म्हणजे उशीर आणि उशीर म्हणजे नंबर, असा ज्याचा जन्मभराचा हिशोब आहे त्याने हे वाचून जरा वेळ शांत बसावं असंच हे आहे.

याला भौमितिक फेज म्हणतात (फेज म्हणजे आपला काट्याचा कोन), आणि ती पहिल्यांदा लिहून दाखवली शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी, १९५६ मध्ये, बेंगळुरूला, सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम करताना. वय बावीस. रामन त्यांचे मामा. ते काही सपाट लेन्स वगैरे करायला बसले नव्हते, स्फटिकांमधून पोलराइज्ड उजेड जाताना दोन किरणांची गाठ कशी पडते याचा अभ्यास चालला होता. त्यात त्यांना दिसलं की उजेडाचं पोलरायझेशन, म्हणजे त्याच्या कंपनाची तऱ्हा, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि परत पहिल्यात असं फिरवून आणलं तर उजेड होता तसा परत येत नाही, काटा थोडा सरकलेला असतो, आणि किती सरकला ते त्या फेरफटक्याच्या आकारावर ठरतं, वेळेवर नाही. भारतीय विज्ञान अकादमीच्या प्रोसीडिंग्जमध्ये ते छापून आलं आणि जगाने जवळजवळ तीस वर्षं त्याची दखल घेतली नाही. १९८४ मध्ये ब्रिटनच्या मायकेल बेरींनी क्वांटम भौतिकीत अशीच फेज मांडली आणि ती खूप गाजली. मग १९८६ मध्ये बेंगळुरूच्याच रामशेषन आणि नित्यानंद यांनी लिहून दाखवलं की अहो, आमच्याकडे पंचरत्नम यांनी हे उजेडात आधीच केलंय. बेरींनीही ते मोकळेपणाने मान्य केलं, १९८७ मध्ये पंचरत्नम यांच्या कामावर स्वतः लेख लिहिला, आणि आज त्या फेजला पंचरत्नम-बेरी फेज म्हणतात. पण पंचरत्नम हे बघायला नव्हते. १९६९ मध्ये ऑक्सफर्डला असताना ते गेले, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी.

मला याचं फार वाईट वाटतं, आणि अभिमानही वाटतो. आज मेटासरफेसवरचा कुठलाही लेख उघडा, त्यांचं नाव येतंच. आपल्याकडच्या पोरांना मात्र विचारलं तर रामन इफेक्ट ठाऊक असतो, विज्ञान दिवसाच्या भाषणात तो दरवर्षी असतो, आणि पंचरत्नम कुणी म्हणजे कुणी सांगत नाही. विज्ञान दिवसाचं भाषण ज्यांना लिहून द्यायचं असतं त्या सगळ्या आई-बाबांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे, या वर्षी यांच्यावर लिहा.

बरं, आता मूळ प्रश्न. इतकं सगळं जमतं तर मायनस नऊचा सपाट चष्मा का नाही?

रंगामुळे. काटा फक्त एका रंगासाठी जुळवलेला असतो. हिरव्याच्या ३,४०० पूर्ण फेऱ्या आपण टाकून दिल्या, पण लाल लाटेच्या फेऱ्या त्याच अंतरात वेगळ्या होतात, निळ्याच्या वेगळ्या. हिरव्यासाठी जी पूर्ण फेरी होती ती लालसाठी पूर्ण नसतेच. आमच्या धंद्यात रंग फुटण्याचं माप म्हणजे अ‍ॅबे व्हॅल्यू, आकडा जितका मोठा तितकी लेन्स चांगली. साध्या प्लास्टिकच्या लेन्सची, म्हणजे सीआर-३९ ची, ५८, १.७४ ची ३३ च्या आसपास, पॉलिकार्बोनेटची ३०. सपाट लेन्सची, म्हणजे जी फक्त काटा जुळवून चालते तिची, अ‍ॅबे व्हॅल्यू येते वजा ३.४५. कुठल्याही मालाची करा, हीच येते, कारण ती मालावर नाहीच, नुसत्या लाटांच्या लांबीवर आहे. वजा अशासाठी की रंग उलटे फुटतात, काचेत निळा जास्त वाकतो आणि इथे लाल.

ऑप्टिशियन म्हणून मी हा आकडा बघितला आणि कॅल्क्युलेटर काढला. मायनस नऊची सपाट लेन्स पिवळ्या उजेडाला मायनस नऊ. निळ्याला, ४८६ नॅनोमीटरला, ती होते मायनस साडेसातच्या जवळ. लालला, ६५६ नॅनोमीटरला, मायनस दहा. एकाच डोळ्यासमोर एकाच वेळी अडीच डायऑप्टरचा, म्हणजे अडीच नंबरचा फरक! आम्ही पाव डायऑप्टरसाठी ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत "आधीची बरी की ही?" विचारत बसतो.

हे झालं सरळ समोर बघताना. डोळा जरा बाजूला फिरवला, लेन्सच्या मध्यापासून १० मिलीमीटर, की प्रेंटिसच्या नियमाने नऊ प्रिझम लागतो (एक प्रिझम म्हणजे एक मीटरवर एक सेंटीमीटर सरकणं). त्याला अ‍ॅबेने भागायचं. सीआर-३९ मध्ये रंगांची फाटाफूट ०.१५ प्रिझम, १.७४ मध्ये ०.२७, म्हणूनच हाय इंडेक्सवाले पहिल्या आठवड्यात सांगत येतात की ट्यूबलाइटच्या कडेला निळं-पिवळं दिसतंय. सपाट लेन्समध्ये हीच फाटाफूट २.६ प्रिझम. सहा मीटरवरच्या तक्त्यावर लाल आणि निळ्यात साडेपंधरा सेंटीमीटरचं अंतर पडेल. आणि त्या तक्त्यावरचं सिक्स बाय सिक्सचं अक्षर असतं जेमतेम पावणेनऊ मिलीमीटरचं. राजवाड्यासमोर उभं राहून असा चष्मा लावला तर पाट्या वाचणं सोडा, ट्रॅफिकचा लाल आणि हिरवा दिवासुद्धा आपापल्या जागेवर दिसणार नाही.

मग रंग सुधारलेली मेटालेन्स, म्हणजे मेटासरफेसची लेन्स, का नाही? आहे ना. २०१८ मध्ये कपासोंच्या गटाने ४७० ते ६७० नॅनोमीटर एवढ्या सगळ्या पट्ट्यात एकाच जागी फोकस होणारी लेन्स दाखवली, त्याच सुमारास तैवान-चीनच्या गटानेही गॅलियम नायट्राइड वापरून दाखवली. खांबांचे आकार असे निवडले की काटाही जुळावा आणि खराखुरा उशीरही जुळावा. पण इथेच सगळं अडतं. सगळे रंग एकत्र आणायचे तर खराखुरा उशीर द्यावाच लागतो, आणि ६०० नॅनोमीटरच्या खांबात देऊन देऊन किती देणार, एक मायक्रोमीटरच्या आत. आपल्याला कडेला हवाय १.८ मिलीमीटर, म्हणजे दोन हजार पटीने जास्त. म्हणून त्या लेन्स होतात, पण मायक्रोमीटरच्या मापाच्या होतात, डोळ्यासमोर धरायच्या नाहीत. कितीही हुशार डिझाइन केलं तरी हे राहणारच, कारण पांढऱ्या उजेडाला वेळ द्यावा लागतो आणि वेळ द्यायला जागा लागते. तुमच्या चष्म्याची जाडी म्हणजे कारखानदाराचा आळस नाही हो, ती त्या १.८ मिलीमीटरची किंमत आहे.

व्हिडिओ करणारे हे सांगत नाहीत, आणि माझी नाराजी तेवढ्यापुरतीच आहे. कारण जिथे एकच रंग आहे तिथे ही गोष्ट खरोखर कमालीची चालते, आणि तिथे ती आलेलीही आहे. मोबाईलमध्ये अंतर मोजायचे जे छोटे सेन्सर असतात, चेहरा ओळखायला किंवा कॅमेऱ्याचा फोकस धरायला, ते ९४० नॅनोमीटरच्या लेझरवर चालतात, एकच रंग, डोळ्याला न दिसणारा. हार्वर्डमधूनच निघालेल्या मेटालेन्झ कंपनीने एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सबरोबर २०२२ मध्ये अशा सेन्सरमध्ये मेटासरफेस घालून बाजारात आणले. तिथे जागा वाचते, आणि मुख्य म्हणजे हे खांब चिप बनवायच्याच लिथोग्राफीने छापता येतात, काच घासायची नाही, पॉलिश नाही, एका वेफरवर, म्हणजे चिपवाल्यांच्या एका चकतीवर, हजारो लेन्स एकदम. माझे बाबा काचेच्या लेन्स स्वतः मशीनवर घासायचे, हाताला एमरीचा वास असायचा, एका मायनस नऊला सगळी दुपार जायची. त्यांना हे दाखवायला फार आवडलं असतं मला.

मोठी होतच नाही असंही नाही बरं का. हार्वर्डच्या गटाने १० सेंटीमीटर व्यासाची, पूर्ण काचेची मेटालेन्स केली, १,८७० कोटी खांब, आणि तिने चंद्राचे, सूर्याचे फोटो काढले. पण तीही एकाच लाल रंगासाठी जुळवलेली. दुर्बिणीला तो चालतो, फिल्टर लावून एकच रंग घ्यायचाच असतो पुष्कळदा. आपल्याला भाजी निवडायची असते, साडीचा रंग बघायचा असतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये जी मल्टिफोकल लेन्स बसवतात ती या घराण्यातलीच, चुलत बहीण म्हणा. तिच्या पृष्ठभागावर गोल गोल बारीक पायऱ्या असतात आणि त्या थोडा उजेड लांबच्यासाठी आणि थोडा जवळच्यासाठी वाटून देतात. त्याच वाटणीमुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, काहींना सवय होते, काहींना नाही होत. ज्यांना ती बसवून घ्यायचीय त्यांनी रात्री गाडी चालवता का, हे डॉक्टरांना आधी सांगा, ते विचारतीलच पण तुम्हीही सांगा.

मला स्वतःला आशा वाटते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि ती मी कुठल्या व्हिडिओत बघितलेली नाही. अ‍ॅबे व्हॅल्यू वजा आहे म्हणजे रंग उलटे फुटतात, हो ना? मग काचेने फोडलेले रंग थोड्याशा सपाट लेन्सने परत जुळवता येतील. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये असं काचेच्या आणि सपाट लेन्सच्या जोडीने करतात, ते काही नवीन नाही. हिशोब करून बघितला, १.७४ ची मायनस नऊ असेल तर त्यातला साधारण ०.८५ डायऑप्टर सपाट थराने द्यायचा आणि उरलेला ८.१५ काचेने, की लाल आणि निळा परत एका जागी. सीआर-३९ असेल तर सपाट थराला अर्धा डायऑप्टरच पुरतो. जाडी फार कमी होणार नाही, होईल थोडीशी, पण हाय इंडेक्सचा जो मोठा दोष, कडेचे रंग, तो जाईल. अडचणी आहेत. असा थर वाकड्या पृष्ठभागावर छापायचा, रोज गिऱ्हाईक शर्टाच्या टोकाने पुसणार, वरून कोटिंग करायचं, आणि थोडा उजेड भलत्याच दिशेला जाणार तो वेगळा. तरी माझं मत विचाराल तर चष्म्यात मेटासरफेस आलाच तर काचेच्या जागी नाही, काचेच्या सोबतीला येईल. तेवढं झालं तरी मायनस नऊ-दहावाल्यांचं जग बरंच स्वच्छ होईल आणि ते बघायला मला दुकान चालू ठेवायचंय.

आपल्या इंदूरला तर या विषयाचं वावडं असायलाच नको. राजेंद्रनगरच्या पुढे, सुखनिवासला, राजा रामण्णा केंद्र आहे, १९८४ पासून, आम्ही जुने इंदूरवाले अजून कॅटच म्हणतो. लेझर आणि सिंक्रोट्रॉन, इंडस-१ आणि इंडस-२, सगळं तिथे. माझ्याकडे चष्म्याला येणारे एक निवृत्त काका तिथलेच, पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, घेताना हलू नका म्हटलं तरी बोलत असतात, लेझर म्हणजे एकच रंग आणि एकच रंग म्हणजे मेटासरफेसचं माहेर, हे त्यांनीच मला पहिल्यांदा नीट समजावलं. सिमरोलला आयआयटी आहे. रामबागेतली, लोकमान्यनगरातली किती मराठी पोरं फिजिक्स घेऊन नंतर कंप्युटरकडे वळतात, वळा, पण या विषयात दोन्ही लागतं, हजारो-कोटी खांबांची जागा ठरवायला प्रोग्रामच लिहावा लागतो, तेव्हा इकडेही एकदा बघा.

आणि ज्यांना आत्ता घरीच काहीतरी करून बघायचंय त्यांच्यासाठी. पोलराइज्ड गॉगल घ्या, साधा नाही, पोलराइज्डच. लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरा करा आणि गॉगलची एक काच त्याच्यासमोर धरून फिरवा, एका कोनाला स्क्रीन काळा होतो. तिथे थांबा. आता एका काचेच्या तुकड्यावर चकचकीत पारदर्शक सेलोटेपच्या पट्ट्या चिकटवा, कुठे एक थर, कुठे दोन, कुठे तीन, आणि तो तुकडा स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये धरा. काळ्यावर रंग उमटतात, प्रत्येक थराचा वेगळा. तुकडा जागच्या जागी गोल फिरवला की एका पूर्ण फेरीत ते रंग चार वेळा उजळतात आणि चार वेळा विझतात. टेप तीच, जाडी तीच, बदललाय तो फक्त कोन. मग दोन पट्ट्या एकमेकींवर तिरप्या चिकटवून बघा, रंग परत निराळे. पंचरत्नम यांनी अशाच तिरप्या ठेवलेल्या प्लेटांची जोडणी बसवून १९५५ मध्ये सगळ्या रंगांना जवळजवळ सारखी चालणारी वेव्हप्लेट, म्हणजे उजेडाचं पोलरायझेशन बदलणारी पट्टी, तयार केली होती, आणि ती पद्धत आजही दुर्बिणींमध्ये वापरतात. गॉगल नसेल तर दुकानात या, डेमोचा पीस काउंटरवरच असतो, टेप तेवढी घरून आणा.